परिभाषेच्या पलीकडचे इंग्रजी : चिनी भाषक डॉक्टर-परिचारिकांच्या वाचनाचा प्रश्न

२४ जानेवारी २०२० रोजी 'द लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकाने वूहानमधील ४१ रुग्णांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण चिनी होते, उपचार करणारे आणि लिहिणारे डॉक्टरही चिनी होते, लेखाची भाषा मात्र इंग्रजी होती. चीनमधल्याच एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टरला आपल्या देशातील रुग्णांचा हा वृत्तांत मुळातून वाचायचा, तर इंग्रजीच वाचावी लागणार होती. वैद्यकातील नवे ज्ञान मुख्यतः इंग्रजीत छापले जात असल्याने चिनी भाषक डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ज्ञ या सर्वांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो. त्याचे जे उत्तर गेली अनेक वर्षे दिले जाते, ते म्हणजे परिभाषा पाठ करा, शब्दयाद्या घोका, परीक्षा उत्तीर्ण व्हा. उपलब्ध संशोधन आणि चिनी भाषेची घडण एकत्र ठेवून पाहिली, तर हे उत्तर अपुरे आहे, असे माझे मत आहे. खरी अडचण रोगांच्या लांबलचक नावांत नाही. साध्या दिसणाऱ्या शब्दांच्या वैद्यकीय अर्थांत आणि वाक्यांच्या बांधणीत ती आहे, आणि शिक्षणाचा रोख तिकडे वळायला हवा.

प्रश्नाची पार्श्वभूमी सर्वत्र एकसारखी नाही. पाश्चात्त्य वैद्यक चिनी भाषेत आणण्याचे काम एकोणिसाव्या शतकात मिशनरी डॉक्टरांनी सुरू केले. पीटर पार्कर यांनी १८३५ मध्ये कँटनला नेत्ररुग्णालय उघडले, बेंजामिन हॉब्सन यांनी १८५१ मध्ये शरीररचनेवर चिनी ग्रंथ लिहिला व १८५८ मध्ये इंग्रजी-चिनी वैद्यकीय शब्दावली छापली, आणि १९०८ मध्ये फिलिप कौझलंड यांचा मोठा कोश आला. याच्या उलट दिशेने, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशावर उभ्या राहिलेल्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजने अध्यापन इंग्रजीतूनच केले. १९४९ नंतर मुख्य भूमीवर वैद्यकीय शिक्षण चिनीतून स्थिरावले, पन्नाशीच्या दशकात परकीय भाषा म्हणून रशियनचे वजन वाढले आणि १९७८ नंतर इंग्रजी परतली. त्यामुळे तिथे केसपेपर चिनीत लिहिले जातात आणि इंग्रजी येते ती शोधनिबंधांतून. तैवानमध्ये जपानी राजवटीत जपानी आणि जर्मन परिभाषा रुजली होती. युद्धोत्तर अमेरिकी प्रभावाने तिची जागा इंग्रजीने घेतली, आणि तिथले केसपेपर आजही मुख्यतः इंग्रजीत लिहिले जातात. हाँगकाँगमध्ये डॉक्टर रुग्णाशी कँटोनीज बोलतो आणि नोंद इंग्रजीत करतो. म्हणजे बेजिंगच्या डॉक्टरला इंग्रजी लागते ती अभ्यासिकेत, तर तैपेईच्या परिचारिकेला ती लागते पाळी बदलताना, रुग्णाच्या खाटेशेजारी. एकच अभ्यासक्रम दोघांना पुरणार नाही.

परिभाषेची अडचण खोटी आहे, असे मात्र नाही. मराठी डॉक्टर 'न्यूमोनिया', 'डायबेटिस' हे शब्द जसेच्या तसे उचलतो, त्यामुळे निबंधातला शब्द त्याच्या कानावरचाच असतो. चिनी भाषेने हे शब्द उचलले नाहीत, नव्याने घडवले. न्यूमोनियाला चिनीत 'फेइयान' म्हणतात : 'फेइ' म्हणजे फुफ्फुस, 'यान' म्हणजे दाह. यकृताचा दाह 'गानयान', मूत्रपिंडाचा 'शनयान'. ही पारदर्शकता रुग्णाच्याही उपयोगाची आहे, पण इंग्रजी निबंध उघडला की तिचा आधार सुटतो. चिनीत मूत्रपिंडासाठी जिथे एक अक्षर पुरते, तिथे इंग्रजीत बोलताना 'किडनी', विशेषण म्हणून लॅटिन 'रीनल' आणि रोगाच्या नावात ग्रीक 'नेफ्रो' अशी तीन रूपे भेटतात. उच्च रक्तदाब आणि न्यून रक्तदाब यांच्या चिनी नावांत 'उंच' आणि 'खाली' ही दोन अगदी वेगळी अक्षरे असतात. इंग्रजीत 'हायपर' आणि 'हायपो' यांत शेवटच्या एकदोन अक्षरांचाच फरक. चिनी वाचक इंग्रजी शब्द ओळखताना उच्चारापेक्षा लिखित रूपावर अधिक भिस्त ठेवतात, असे वांग मिन, केइको कोडा आणि चार्ल्स परफेटी यांनी २००३ मध्ये कोरियन व चिनी विद्यार्थ्यांची तुलना करून दाखवले. घाईत वाचताना रूपाने जवळचे शब्द एकमेकांत मिसळण्याचा धोका त्यामुळे नजरेआड करता येत नाही. तरीही ही अडचण मर्यादित आहे. ग्रीक-लॅटिन घटक मोजके आहेत आणि ते जोडून शब्द बनवण्याची रीत चिनी भाषकाच्या हाडीमाशी रुजलेली आहे. 'आयटिस' म्हणजे 'यान' हे एकदा कळले, की शेकडो नावे आपोआप उलगडतात. शिवाय परिभाषेतला शब्द अडला तर तो अडल्याचे वाचकाला कळते आणि तो कोश उघडतो.

शब्दसंग्रह किती लागतो, यावर भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी बरेच काम केले आहे. मजकुरातले किमान ९५ टक्के शब्द ओळखीचे असावेत, असे बाटिआ लाउफर यांनी १९८९ मध्ये मांडले. कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचे तर ९८ टक्के लागतात, असे हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसले. अडीचशे-तीनशे शब्दांच्या गोषवाऱ्यात ९८ टक्के म्हणजे पाचसहा अनोळखी शब्द, ९५ टक्के म्हणजे बारा ते पंधरा. सर्वसाधारण लिखित इंग्रजीत ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात, असा नेशन यांचा २००६ चा हिशेब आहे. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सर्व साधित रूपे. याच्याशेजारी चीनच्या शिक्षण मंत्रालयाची २००७ सालची अपेक्षा ठेवली तर अंतर लक्षात येते : महाविद्यालयीन इंग्रजीच्या पायाभूत पातळीसाठी ४,७९५ शब्द, आणि तेही कुळे नव्हेत, सुटे शब्द. ही दरी भरण्यासाठी क्षेत्रनिहाय याद्या निघाल्या. ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या विद्यापीठीय यादीत ५७० कुळे होती. शिआन येथील लष्करी वैद्यकीय विद्यापीठातील वांग जिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वैद्यकीय निबंधांतून ६२३ कुळांची यादी काढली. त्यांच्या निबंधसंग्रहातील सुमारे १२ टक्के शब्द तिने व्यापले, म्हणजे साधारण दर आठ शब्दांतला एक. तैवानच्या श्यू वन-ह्वा यांनी २०१३ मध्ये पाठ्यपुस्तकांतून ५९५ कुळांची यादी केली. हे काम मोलाचे आहे आणि त्यात चिनी भाषक संशोधकच पुढे आहेत, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. पण या याद्यांनी दिलेली सर्वांत महत्त्वाची शिकवण वर्गात क्वचितच पोहोचते. अशा याद्यांत 'ग्लोमेरुलोनेफ्रायटिस'सारखे शब्द थोडे असतात. 'इन्व्हॉल्व्ह', 'इंडिकेट', 'रिस्पॉन्स', 'सिग्निफिकंट' यांसारखे, कुठल्याही निबंधात भेटणारे, मधल्या थरातले शब्द जास्त असतात.

या मधल्या थरातच वाचक फसतो, कारण हे शब्द त्याला माहीत आहेत असे त्याला वाटते. इंग्रजी शिकताना 'होल्ड' म्हणजे धरणे, राखणे, हे शाळेतच पाठ झालेले असते. परिचारिकेच्या हाती सूचना येते : नाडी साठच्या खाली असेल तर डिजॉक्सिन 'होल्ड' करा. इथे अर्थ आहे, औषधाचा डोस तूर्त देऊ नका. 'धरून ठेवा, चालू राखा' असा अर्थ लावला, तर आधीच मंदावलेल्या हृदयाला ते आणखी मंद करणारे औषध दिले जाईल. 'डिस्चार्ज' हा जखमेतून येणारा स्राव असतो आणि रुग्णाला घरी सोडणेही असते. 'अनरिमार्केबल' म्हणजे तपासणीत काहीही वावगे आढळले नाही. ती बेफिकिरीची टिप्पणी नव्हे. 'कल्चर' संस्कृती नसून जंतूंची वाढ असते, 'टेंडर' म्हणजे दाबल्यावर दुखणारे, 'पॉझिटिव्ह' निकाल रुग्णासाठी बहुधा वाईट असतो, आणि 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचे असेलच असे नाही, तो केवळ संख्याशास्त्रीय निर्वाळा असू शकतो. यांपैकी एकाही शब्दासाठी सराईत वाचक कोश उघडत नाही. अनोळखी शब्द वाचकाला थांबवतो, अर्धओळखीचा शब्द त्याला चुकीच्या वाटेने पुढे नेतो. म्हणून रुग्णाच्या दृष्टीने दुसरा अधिक धोक्याचा. नेशन यांनी टेरेसा चुंग यांच्यासोबत २००३ मध्ये केलेल्या पाहणीत शरीररचनेच्या पाठ्यपुस्तकातला साधारण दर तिसरा शब्द त्या विषयाचा तांत्रिक शब्द ठरला, आणि त्यांत शरीराच्या भागांची रोजच्या वापरातली नावेही होती. तांत्रिक आणि साधा अशी सरळ फाळणी करता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

शब्दानंतर वाक्य. चिनीत विशेषणवाक्य नामाच्या आधी येते. 'बायपास झालेले रुग्ण' ही मराठी रचना चिनी भाषकाला जवळची वाटेल. इंग्रजी निबंधात कोणाला चाचणीत घेतले आणि कोणाला वगळले, हे सांगणारे वाक्य 'पेशंट्स' या शब्दाने सुरू होते, त्यामागे चारपाच उपवाक्ये लागतात, मध्ये 'अनलेस' किंवा 'अदर दॅन' येऊन अपवादाला अपवाद करतो, आणि 'वगळले' हे क्रियापद पार शेवटी येते. वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही कोण आत आणि कोण बाहेर हे उलटे समजू शकते. चिनी क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत, त्यामुळे 'असे दिसून आले आहे' आणि 'असे दिसून आले असते' यांतला फरक इंग्रजीतल्या छोट्या साहाय्यक शब्दांतून वेचावा लागतो. 'फरक नाही असे दिसले' आणि 'फरक असल्याचे दाखवता आले नाही' ही दोन विधाने वैद्यकात फार वेगळी आहेत. पहिल्यावरून उपचार बदलता येतो, दुसऱ्यावरून फक्त पुढची चाचणी आखता येते. नवे औषध जुन्याहून ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाईट नाही, एवढेच सिद्ध करणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष 'तितकेच चांगले' असे वाचले जाऊ शकतात. संख्यांचीही अडचण आहे. चिनी मोजणी दहा हजाराच्या 'वान' या एककावर चालते, दहा लाखांना तिथे शंभर वान म्हणतात. लाख-कोटीत विचार करणाऱ्या मराठी वाचकाला 'मिलियन' वाचताना मनात जो क्षणभर हिशेब करावा लागतो, तोच चिनी वाचकालाही करावा लागतो, आणि औषधाचे एकक किंवा रोगाचे प्रमाण वाचताना त्या क्षणात शून्य चुकू शकते.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा, की अनुभवी डॉक्टरला भाषेच्या या बारकाव्यांची गरज नसते. विषय माहीत असला की अर्धवट भाषेतही मजकूर कळतो. चार्ल्स अल्डरसन यांनी १९८४ मध्ये विचारलेला प्रश्न हाच होता : परभाषेतले वाचन अडते ते वाचनामुळे की भाषेमुळे? तेव्हापासूनच्या अभ्यासांचा कल असा, की भाषेचा एक किमान उंबरठा ओलांडेपर्यंत वाचनकौशल्य पुरते कामाला येत नाही, आणि उंबरठ्यापलीकडे विषयज्ञान मोठी मदत करते. नेफ्रॉलॉजिस्ट मूत्रपिंडावरचा लेख भाषेच्या प्राध्यापकापेक्षा चांगला वाचेल, यात शंका नाही. पण विषयज्ञान कोणत्या वाक्यांना मदत करते, हे पाहायला हवे. ते अपेक्षित वाक्यांना मदत करते. अमेरिकेतील 'कास्ट' चाचणीचे उदाहरण घ्या. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे अनियमित ठोके औषधाने दाबले तर मृत्यू टळतील, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. १९८९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत ठोके दबलेले, पण एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड घेणाऱ्यांत मृत्यू वाढलेले दिसले. असा निबंध पूर्वज्ञानाच्या भरवशावर वाचणारा आपल्याला आधीच ठाऊक असलेलेच त्यात वाचेल. माहीत आहे ते पक्के करण्यासाठी डॉक्टर निबंध वाचत नाही, बदलले काय हे जाणण्यासाठी वाचतो. आणि नेमके तिथेच पूर्वज्ञान साथ सोडते, फक्त भाषा उरते. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमधील जनरल प्रॅक्टिशनरांवर झालेली, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी इथे महत्त्वाची आहे. एकच आढावा लेख काहींनी मातृभाषेत वाचला, काहींनी इंग्रजीत. खुल्या प्रश्नांना उत्तरे देताना मातृभाषेत वाचलेल्यांना अधिक माहिती सांगता आली. इंग्रजीची सख्खी भावंडे असलेल्या भाषा बोलणाऱ्यांचे हे, तर लिपी, व्याकरण आणि परिभाषा तिन्ही वेगळी असलेल्या चिनी भाषकांचे नुकसान कमी असेल, असे मानायला काही आधार नाही.

परीक्षांनी हा प्रश्न सुटेल, अशी आशा दीर्घकाळ बाळगली गेली. १९८७ पासून चालू असलेल्या महाविद्यालयीन इंग्रजी परीक्षेने लाखो विद्यार्थ्यांना वाचनाला लावले, हे तिचे श्रेय. पण तिचे उतारे सर्वसामान्य विषयांवरचे असतात. डॉक्टर-परिचारिकांच्या बढतीलाही इंग्रजीची परीक्षा जोडली गेली होती, आणि रुग्णसेवेत बुडालेल्या माणसाने केवळ पदासाठी शब्द घोकण्याचा ताण त्यातून वाढला. २०१७ च्या धोरणाने सरसकट सक्ती सैल केली, ते योग्यच झाले. परदेशी जाणाऱ्या परिचारिकांसाठीच्या परीक्षांत फरक आहे. ब्रिटनच्या नोंदणीसाठी आयईएलटीएसच्या वाचनात ७ गुण लागतात, पण तिथला उतारा कशावरही असू शकतो. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या ओईटी या परीक्षेत मात्र वाचनाच्या पहिल्या भागात एकाच आजाराविषयीचे चार छोटे मजकूर असतात, आणि पंधरा मिनिटांत वीस उत्तरे शोधायची असतात. वॉर्डात माहिती शोधण्याशी याचे नाते जवळचे आहे. परीक्षा शिक्षणाला आकार देते, म्हणून ती कामासारखी असावी, एवढा धडा यातून घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे : शंभर कोटींहून अधिक लोकांच्या भाषेने वैद्यकासाठी दुसऱ्या भाषेपुढे का वाकावे? ज्ञान चिनीत आणा, प्रश्न संपेल. या आक्षेपामागचा स्वाभिमान मला मोलाचा वाटतो, आणि त्याचा व्यावहारिक भागही खरा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. ते चिनी शिकले, चिनीतून शिकवू लागले, आणि १९४२ मध्ये तिथेच मरण पावले तेव्हा चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहीत होते. रुग्णाच्या भाषेत वैद्यक उभे करता येते आणि करायला हवे, याचा हा मराठी माणसाने दिलेला पुरावा आहे. पण चिनीत आणायचे म्हणजे कोणीतरी इंग्रजी अचूक वाचायलाच हवे. चिनीतले सारांश आणि मार्गदर्शक तत्त्वे जितकी वाढतील, तितकी त्यांच्या मुळाशी असलेल्या वाचकांची जबाबदारी वाढेल. त्यांची एक चूक हजारो रुग्णालयांत पोहोचेल. मातृभाषेतले वैद्यक आणि इंग्रजीचे सखोल वाचन यांत विरोध नाही, पहिले दुसऱ्यावर उभे आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे : यंत्र भाषांतर करते, मग माणसाने का शिकावे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आपत्कालीन विभागातल्या रुग्णांना घरी जाताना दिलेल्या सूचना गूगल ट्रान्सलेटने भाषांतरित केल्या. स्पॅनिशमध्ये ९२ टक्के वाक्ये अचूक आली, चिनीत ८१ टक्के. रुग्णाला गंभीर अपाय होऊ शकेल अशी वाक्ये स्पॅनिशमध्ये २ टक्के, चिनीत ८ टक्के होती. यंत्रे त्यानंतर पुष्कळ सुधारली आहेत, आणि निबंध चाळून उपयोगाचा कोणता हे ठरवायला त्यांचा वापर जरूर करावा. पण यंत्राचे चिनी वाक्य आता इतके ओघवते असते, की चूक असली तरी ती खटकत नाही. संशय कुठे घ्यायचा, हे मूळ वाचता येणाऱ्यालाच कळते. म्हणून यंत्रामुळे वाचनाची गरज संपत नाही. सगळे वाचण्याऐवजी निर्णायक वाक्ये काटेकोर वाचण्याकडे ती सरकते, आणि ती वाक्ये म्हणजे वगळण्याच्या अटी, मात्रा, निष्कर्षातली सावध क्रियापदे. यंत्राच्या युगातले इंग्रजी शिक्षण नेमके यांवर उभे राहायला हवे.

मग करायचे काय? पहिले, ग्रीक-लॅटिन घटक पहिल्याच वर्षी, चिनी अक्षरांच्या जोडीने, पद्धतशीर शिकवून संपवावेत. ते काम थोड्या काळात होणारे आहे आणि त्यात वर्षानुवर्षे अडकून पडू नये. दुसरे, मधल्या थरातले शब्द यादीतून नव्हे, तर वाक्यांतून शिकवावेत, आणि अभ्यास करणाऱ्याच्या शाखेतल्या वाक्यांतून. एकाच विषयावरचे पाचसहा निबंध सलग वाचले, की तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, पूर्वज्ञान मदतीला असते आणि उंबरठा लवकर ओलांडला जातो. तिसरे, परिचारिकांचा अभ्यासक्रम डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाची पातळ आवृत्ती नसावा. त्यांचे मजकूर वेगळे आहेत, म्हणजे औषधाच्या सूचना, पत्रके, कार्यपद्धती, आणि तैवान-हाँगकाँगमध्ये पाळी बदलतानाच्या नोंदी. चौथे, आकलन तपासताना पर्याय देऊन खूण मागण्याऐवजी प्रश्न असा विचारावा : हा निबंध वाचून उद्या तुम्ही कोणत्या रुग्णाचा उपचार बदलाल, आणि कोणाचा बदलणार नाही? ज्याला उत्तर देता येते त्याला वाक्य कळले. शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत आवश्यक : रुग्णालयांनी वाचनाला कामाच्या वेळेत जागा द्यावी. दिवसभराच्या बाह्यरुग्ण विभागानंतर थकलेला माणूस परभाषेतली अवघड वाक्ये काळजीपूर्वक वाचू शकत नाही, आणि त्याने ते घरी जाऊन करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. आठवड्यातून एक तास, विभागातल्या सर्वांनी मिळून एकच निबंध वाचणे, आणि त्या बैठकीत भाषेचा शिक्षक व शाखेचा तज्ज्ञ दोघेही असणे, ही व्यवस्था कोणत्याही शब्दयादीपेक्षा अधिक देईल.

परिभाषा शिकवणे सोपे आहे, मोजता येते, आणि म्हणूनच शिक्षणसंस्थांना ते प्रिय असते. मधला थर आणि वाक्याची बांधणी मोजायला अवघड आहेत, शिकवायला वेळ खातात आणि त्यांतली चूक उघड दिसत नाही. पण त्या न दिसणाऱ्या चुकीची किंमत मोजतो तो रुग्ण, ज्याला या वाचनाविषयी काहीच ठाऊक नसते. वूहानचा निबंध असो वा डिजॉक्सिनची एक ओळ, वाचणाऱ्याला प्रत्येक साध्या शब्दापाशी थांबून अर्थ पारखण्याची सवय आणि सवड मिळायला हवी. ती देणे ही वैद्यकीय विद्यापीठांची आणि रुग्णालयांची जबाबदारी आहे. ती विद्यार्थ्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकण्याची रीत आता थांबली पाहिजे.